मक-१ निगेटिव्ह, मक-२ पॉझिटिव्ह: बाबांच्या रिपोर्टमधल्या या ओळी कशा वाचायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचे एक दादा विचारतायत, वडील ६४ वर्षांचे, कावीळ झाली म्हणून तपासण्या केल्या तर अँपुलाला (पित्ताची नळी आतड्यात उघडते त्या तोंडाला) गाठ निघाली, मग स्टेंट, बायोप्सी आणि शेवटी व्हिपल, म्हणजे ती गाठ काढायचं मोठं ऑपरेशन. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये होतं "पॅन्क्रिएटोबिलिअरी टाइपकडे कल, एमयूसी-१ पॉझिटिव्ह". ऑपरेशननंतरचा रिपोर्ट म्हणतो "इंटेस्टायनल टाइप, एमयूसी-१ निगेटिव्ह, एमयूसी-२ फोकल पॉझिटिव्ह, सीडीएक्स-२ आणि सीके-२० पॉझिटिव्ह". त्यांचं विचारणं दोन गोष्टींचं: यातला खरा रिपोर्ट कुठला, आणि इतकं सगळं पॉझिटिव्ह आलंय म्हणजे कॅन्सर जास्त आहे का. मी २२ वर्षं मुंबईत हेच काम करतेय, पोटाच्या कॅन्सरच्या स्लाइड्स बघायचं, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण झोप त्यानेच उडालेली असणार. नाही, तसं अजिबात नाहीये. कोविडनंतर पॉझिटिव्ह या शब्दाची आपण सगळ्यांनी इतकी धास्ती घेतलीय की रिपोर्टमध्ये कुठेही दिसला की पोटात गोळा येतो, पण इम्युनोच्या (अँटिबॉडीने पेशी रंगवून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच की आम्ही जे प्रोटीन शोधत होतो ते त्या पेशींमध्ये सापडलं. ते चांगलं की वाईट हे त्या शब्दात नसतंच. तुमच्या बाबांच्या बाबतीत तर मक-२ पॉझिटिव्ह आणि मक-१ निगेटिव्ह ही जोडी त्यातल्या त्यात बरी बातमी आहे, का ते पुढे येईलच.

हे मक म्हणजे एमयूसी, म्युसिनचं छोटं नाव, लॅबमध्ये कोणी एमयूसी म्हणत बसत नाही, "मक-टू लावलं का रे" असंच चालतं. म्युसिन तुम्ही रोज बघता. नाकातला शेंबूड, जुलाबात आव पडते ती आव, लाळेची तार, हा सगळा बुळबुळीतपणा म्युसिनचा. मधे प्रोटीनचा लांबच लांब दोरा आणि त्याला चहूबाजूंनी साखरेच्या साखळ्यांचे केस, बाटली धुवायचा ब्रश असतो ना तसं काहीसं, वजनाचा निम्म्याहून जास्त भाग त्या साखरेचाच. त्या साखळ्या पाणी धरून ठेवतात म्हणून ते जेलीसारखं होतं आणि आतड्याच्या आतल्या अस्तरावर थर बसतो. माणसात याची विसेक जीन्स आहेत, काही म्युसिन पेशी बाहेर सोडते आणि त्यांची जेली होते, मक-२, मक-५एसी, मक-५बी, मक-६ ही ती मंडळी, आणि यांची जीन्स ११ नंबरच्या क्रोमोसोमवर शेजारी शेजारी चाळीतल्या खोल्यांसारखी बसलेली आहेत. काही मात्र पेशीच्या भिंतीलाच रोवलेली राहतात, मक-१, मक-४, मक-१६ वगैरे.

आता आमच्या कामाचा भाग असा की नॉर्मल माणसात ही म्युसिन आपापली हद्द सोडत नाहीत. जठराच्या वरच्या अस्तरात मक-५एसी, त्याच जठराच्या खोल ग्रंथींमध्ये मक-६, आतड्याच्या गोब्लेट पेशींमध्ये (म्युसिन बनवणाऱ्या, पेल्याच्या आकाराच्या) मक-२, आणि पॅन्क्रियाजच्या बारीक नळ्यांमध्ये आतल्या कडेला मक-१. नॉर्मल जठरात मक-२ नसतं, नॉर्मल मोठ्या आतड्यात मक-५एसी नसतं. म्हणजे म्युसिन हे पेशीच्या बोलीसारखं आहे. माणूस मुंबईत पन्नास वर्षं राहिला तरी दोन वाक्यं बोलला की मालवणचा की नागपूरचा ते कळतं, तसं पेशी बिघडली, कॅन्सर झाली, तरी बऱ्याचदा घरची बोली सोडत नाही. बऱ्याचदा म्हटलं, नेहमी नाही, आणि माझं अर्धं आयुष्य त्या "नेहमी नाही"मध्ये गेलंय.

तुमच्या बाबांची गाठ अँपुलाची. अँपुला म्हणजे पोटातलं दादर. एकीकडून पित्ताची नळी येते, एकीकडून पॅन्क्रियाजची, आणि दोघी मिळून लहान आतड्याच्या सुरुवातीला, ड्युओडेनममध्ये उघडतात. एवढ्याशा जागेत दोन वेगळ्या प्रकारची अस्तरं येऊन भेटतात, वेस्टर्न आणि सेंट्रल एका पुलावर भेटतात तशी. आता पुलावर उभा असलेला माणूस वसईहून आलाय की तुमच्या डोंबिवलीहून हे तो दादरला उभा आहे म्हणून कळत नाही, त्याचा पास बघावा लागतो. अँपुलाच्या कॅन्सरचंही तेच, तो आतड्याच्या अस्तरातून उठलाय की नळीच्या अस्तरातून हे फक्त जागेवरून ठरत नाही. इंटेस्टायनल आणि पॅन्क्रिएटोबिलिअरी हे दोन प्रकार १९९४ पासून वेगळे धरले जातात, आधी फक्त साध्या एच अँड ई स्लाइडवर (नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग), पेशींच्या ठेवणीवरून. लांब सिगारसारखी, एकमेकांवर रचलेली न्यूक्लिअस, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसारखं रूप असेल तर इंटेस्टायनल. गोल न्यूक्लिअस, छोट्या सुट्या ग्रंथी आणि भोवती घट्ट तंतुमय ऊतक असेल तर पॅन्क्रिएटोबिलिअरी. पण खूप केसेस मधल्याच असतात, दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडला दोन नावं देतात, म्हणून मग इम्युनोचं पॅनल आलं.

त्या पॅनलमध्ये चार डाग, म्हणजे इम्युनोचे रंग, असतात, मक-१, मक-२, सीडीएक्स-२ आणि सीके-२० (शेवटची दोन म्युसिन नाहीत, पण आतड्याच्या पेशींची खूण म्हणून लावतात). वाचायची रीत अशी की मक-१ निगेटिव्ह असेल आणि बाकी तिघांपैकी एक तरी पॉझिटिव्ह असेल तर इंटेस्टायनल, किंवा बाकीचे तिन्ही पॉझिटिव्ह असतील तर मक-१ काही का असेना, तरी इंटेस्टायनलच. याउलट मक-१ पॉझिटिव्ह आणि सीडीएक्स-२, मक-२ दोन्ही निगेटिव्ह, तर पॅन्क्रिएटोबिलिअरी, मग सीके-२० काहीही असो. यात न बसणारे उरतातच, त्यांना मिक्स्ड किंवा अनिश्चित म्हणायचं आणि जबरदस्तीने कुठल्या खोक्यात कोंबायचं नाही. तुमचा ऑपरेशननंतरचा रिपोर्ट या रीतीत अगदी सरळ बसतो. मक-१ नाही, बाकी तिन्ही आहेत. फोकल म्हणजे थोड्या भागात दिसलं, मक-२ च्या बाबतीत हे रोजचंच, कारण ते फक्त गोब्लेटसारख्या पेशी बनवतात आणि ट्यूमरमध्ये त्या मोजक्याच असतात.

मग बायोप्सीवाल्यांनी मक-१ पॉझिटिव्ह कसं लिहिलं? ती स्लाइड मी बघितलेली नाही, त्यामुळे कोणी चुकलं असं म्हणणार नाही, पण असं कशाने होतं ते सांगू शकते. एंडोस्कोपीतून निघालेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, त्यात कडेला नॉर्मल नळीचा छोटासा भाग आला तर तिथे मक-१ दिसणारच, ते नॉर्मल आहे. नॉर्मल नळीत पेशीच्या फक्त आतल्या काठावर पेन्सिलने मारल्यासारखी बारीक तपकिरी रेघ असते. कॅन्सरमध्ये पेशीला वरखाली भान उरत नाही, मग रंग चारी बाजूंनी आणि आतही पसरतो. चिरडलेल्या, सुजलेल्या तुकड्यात (स्टेंटनंतर तर सूज असतेच) हा फरक करणं खरंच कठीण. शिवाय मक-१ ट्यूमरच्या एका कोपऱ्यात असून बाकी सगळीकडे नसू शकतं, दाणा त्या कोपऱ्यातला निघाला की झालं. त्यांनी "कल" असा शब्द वापरलाय, म्हणजे हात राखूनच लिहिलंय, ते प्रामाणिक आहे. आता अख्खा ट्यूमर हातात आहे, दहा-पंधरा ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) बघून दिलेला रिपोर्ट दाण्यावरच्या रिपोर्टपेक्षा वजनदार, त्यामुळे दुसराच धरून चाला.

इथे आमच्या रेसिडेंट मुलांसाठी थोडं, दादा तुम्ही हवं तर हा भाग सोडा. मक-२ निगेटिव्ह लिहिण्याआधी चाळीस एक्सवर जाऊन बघा रे. आपल्याकडे मक-२ साठी सीसीपी-५८ हा क्लोन, म्हणजे अँटिबॉडीचा एक वाण, खूप वापरतात, तो ओळखतो प्रोटीनचा उघडा दोरा. गोब्लेट पेशीच्या पेल्यात साठलेलं म्युसिन तयार झालेलं असतं, त्यावर साखरेचे केस इतके दाट की अँटिबॉडी दोऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून पेला पांढराफटक राहतो आणि तपकिरी रंग दिसतो खाली, न्यूक्लिअसच्या डोक्यावर, कोयरीएवढ्या भागात, जिथे दोरा नुकता विणला जातोय आणि साखर अजून चढायचीय. पेल्यात रंग शोधणारा मुलगा हमखास निगेटिव्ह देतो, मीही दिलंय. त्यामुळे कंट्रोल (तुलनेसाठी, उत्तर आधीच माहीत असलेला तुकडा) त्याच स्लाइडवर हवा, नॉर्मल अपेंडिक्स घ्या, कुठल्याही लॅबच्या कपाटात भरपूर पडलेलं असतं, तिथले गोब्लेट आधी नीट बघा, डोळा बसला की मग ट्यूमरकडे वळा. मक-५एसी साठी हेच काम जठराच्या तुकड्याने होतं, वरचे खळगे गडद तपकिरी आणि खालच्या ग्रंथी कोऱ्या, मक-६ ला बरोबर उलट. दोन स्लाइड शेजारी ठेवल्या की एकीचं कोरं ते दुसरीचं भरलेलं, हे बघायला मला अजूनही आवडतं. आणि पावसाळ्यात सेक्शन (ब्लॉकचे पातळ काप) चार्ज्ड स्लाइडवर नीट सुकवल्याशिवाय रिट्रीव्हलला, म्हणजे रंगवण्याआधीच्या उकळण्याला, टाकू नका, जुलैत निम्मे सेक्शन कुकरमध्ये सुटून येतात आणि मग मार्कर चालत नाही म्हणून कंपनीच्या नावाने खडे फोडायचे.

परत तुमच्याकडे. मक-२ सगळीकडे एकच गोष्ट सांगत नाही, आणि गूगल करून लोक घाबरतात ते इथेच. मोठ्या आतड्यात मक-२ हे पहारेकरी आहे, तिथल्या जेलीच्या आतल्या थरात बॅक्टेरिया शिरू शकत नाहीत हे २००८ मध्ये दाखवलं गेलं, आणि त्याआधी २००२ मध्ये मक-२ चं जीनच काढून टाकलेल्या उंदरांना आतड्यात ट्यूमर झालेले दिसले होते. साध्या कोलन कॅन्सरमध्ये ते बऱ्याचदा कमी होतं. पण म्युसिनस कॅन्सर, ज्यात अर्ध्याहून जास्त भाग नुसत्या म्युसिनच्या तळ्यांचा असतो, त्यात ते भरभरून असतं. जठरात मक-२ दिसलं तर तो बाहेरचा पाहुणा, म्हणजे तिथलं अस्तर आतड्यासारखं व्हायला लागलंय, इंटेस्टायनल मेटाप्लेझिया, एच पायलोरी या जंतूने वर्षानुवर्षं जठर जाळलेल्या माणसांत हे दिसतं. पॅन्क्रियाजमध्ये आयपीएमएन नावाचे म्युसिन साठवणारे ट्यूमर असतात, त्यात मक-२ वाले आतड्याच्या वळणाचे, त्यातून कॅन्सर झालाच तर बऱ्याचदा कोलॉइड प्रकारचा, जो नेहमीच्या पॅन्क्रियाज कॅन्सरपेक्षा मवाळ वागतो. मक-१ वाले नळीच्या वळणाचे, ते जास्त तापट. तुमच्या रिपोर्टची जोडी बरी म्हटलं ती याच अंगाने, अँपुलामध्येही इंटेस्टायनल प्रकार सरासरीने पॅन्क्रिएटोबिलिअरीपेक्षा बरा जातो.

सरासरीने. हा शब्द मी मुद्दाम सुटा लिहिला.

माझी एक गोष्ट सांगते. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका बाईंची ओव्हरी आली, म्युसिनस ट्यूमर, सीके-७ (सीके-२० चंच भावंड) पॉझिटिव्ह, मक-५एसी गडद पॉझिटिव्ह, मक-२ निगेटिव्ह, सीके-२० कुठेकुठे. पुस्तकात मक-५एसी आणि सीके-७ म्हणजे ओव्हरीचा स्वतःचा, मक-२ आणि सीके-२० म्हणजे आतड्यातून आलेला, मी आनंदाने लिहून टाकलं, ओव्हरीचा प्रायमरी. सर्जनचा फोन आला चारेक महिन्यांनी, सीटीत पॅन्क्रियाजच्या शेपटीला गाठ. पॅन्क्रियाजचा कॅन्सरही सीके-७ आणि मक-५एसी पॉझिटिव्हच असतो, आणि तो ओव्हरीत जाऊन अगदी तिथलाच असल्यासारखा राहतो. पासवर जे लिहिलं होतं ते बरोबरच वाचलं होतं मी, पण तोच पास दुसऱ्या स्टेशनवरही मिळतो हे डोक्यात आलं नाही. दोन्ही ओव्हरींना ट्यूमर होता, आकारही फार मोठा नव्हता, म्हणजे बाहेरून आल्याच्या खुणा समोर होत्या, मी डागांच्या नादात त्याकडे बघितलंच नाही. तेव्हापासून मक चं उत्तर मी एच अँड ई आणि स्कॅनशी जुळल्याशिवाय लिहीत नाही, आणि जुळत नसेल तर सर्जनला फोन करते, रिपोर्ट एक दिवस उशिरा गेला तरी चालतो.

तुमच्या चुलतभावाने म्हणे विचारलंय की सीए १९-९ आधी खूप वाढलं होतं मग मक-१ निगेटिव्ह कसं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. सीए १९-९ हे प्रोटीन नाहीच, ती म्युसिनसारख्या प्रोटीनवर लटकणारी साखरेची एक विशिष्ट साखळी आहे आणि ती आपण रक्तात मोजतो. पित्ताचा रस्ता तुंबला की कॅन्सर नसतानाही ते चढतं, बाबांना कावीळ होती, स्टेंटनंतर उतरलं असेल तर त्यात नवल नाही. काही लोकांच्या शरीरात ही साखळी जन्मापासूनच बनत नाही, त्यांचं सीए १९-९ कॅन्सर असूनही हलत नाही. मक-१ चा रक्तातला तुकडा म्हणजे सीए १५-३, जो ब्रेस्टसाठी करतात, आणि बायकांचं सीए-१२५ म्हणजे मक-१६. म्हणजे ही सगळी एकाच गोतावळ्यातली असली तरी एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याच्या डागाचा हिशोब लागत नाही.

आता रिपोर्टमध्ये तुम्ही ज्या ओळींवर बोट ठेवायला हवं होतं त्या वेगळ्याच आहेत, आणि तुम्ही फोटो पाठवताना नेमका तोच कागद पाठवला नाहीत. लिम्फ नोड (लसिकागाठी) किती काढले आणि त्यातल्या कितींमध्ये कॅन्सर आहे, हे बघा. सध्याच्या स्टेजिंगमध्ये अँपुलाला एक ते तीन नोड म्हणजे एन-१ आणि चार किंवा जास्त म्हणजे एन-२. गाठ पॅन्क्रियाजमध्ये किती खोल शिरलीय, मार्जिन (कापलेल्या कडा) मोकळे आहेत का, नसांच्या भोवती कॅन्सर दिसतोय का. इंटेस्टायनल प्रकार असून पाच नोड पॉझिटिव्ह असतील तर मक-२ त्यांना काही वाचवत नाही, आणि पॅन्क्रिएटोबिलिअरी असून नोड स्वच्छ असलेली माणसं वर्षानुवर्षं फॉलोअपला येताना मी बघितलीयत. केमो ठरवताना ऑन्कॉलॉजिस्ट टाइपकडे बघतात, इंटेस्टायनलला कोलनच्या वळणाची औषधं, दुसऱ्याला पॅन्क्रियाजच्या वळणाची असा विचार होतो, पण हा पक्का नियम नाही, म्हणून दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर लगेच कोणावर संशय घेऊ नका.

मक परत लावून घ्यायचा का, असंही विचारलंय. नको. तेच पैसे एमएमआरवर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रोटीन शाबूत आहेत का, ही तपासणी) घाला, झालं नसेल तर. एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६ अशी चार प्रोटीन बघतात, त्यातलं एखादं गायब असेल तर पुढे गरज पडली तर इम्युनोथेरपीचा रस्ता उघडतो, आणि लिंच सिंड्रोम (घराण्यात चालत येणारा कॅन्सरचा धोका) आहे का हे तपासावं लागतं, म्हणजे तुमचा आणि तुमच्या भावंडांचाही प्रश्न येतो. अँपुलाच्या कॅन्सरमध्ये हे विसरलं जातं, कोलनमध्ये कोणी विसरत नाही. घरात कोणाला कोलनचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालाय का हे आत्याला वगैरे विचारून ठेवा, आपल्याकडे "पोटाचं काहीतरी झालं होतं" एवढंच सांगतात, जरा खोदून विचारा.

सेकंड ओपिनियन हवंच असेल तर परळला (टाटा हॉस्पिटलला) जाताना नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नका, ऑपरेशनचे ब्लॉक आणि स्लाइड्स दोन्ही लॅबमधून लेखी अर्ज करून घ्या, आणि बायोप्सीचा ब्लॉकही घ्या, दोन्ही शेजारी ठेवून बघितले तर मक-१ चं कोडं दहा मिनिटांत सुटेल. ब्लॉक म्हणजे मेणच असतं, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, प्लॅस्टिकच्या डबीत घालून बॅगेत ठेवा. न रंगवलेल्या स्लाइड्स कोणी कापून दिल्या तर त्या महिनोन्‌महिने घरी पडू देऊ नका, जुन्या झाल्या की डाग फिके येतात. आणि रिपोर्टच्या मॅक्रोच्या (नुसत्या डोळ्यांनी काय दिसलं त्या) भागात कुठल्या ब्लॉकमध्ये ट्यूमर आणि अँपुला दोन्ही आहेत ते लिहिलेलं असतं, तो नंबर अर्जावर टाका, नाहीतर काउंटरवरचा माणूस हाताला येईल तो नोडचा ब्लॉक देईल आणि तुमची डोंबिवली-परळ फेरी फुकट जाईल.